नऊ माणसांचा शिधा

बाइंडिंगखान्यात माझं टेबल ताईच्या टेबलाला लागून होतं, सतरा वर्षं. तिला सगळेच ताई म्हणायचे. मालक तिच्याहून बारा वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणायचे. घरी ती तीन भावंडांची ताई, इथे चौदा माणसांची. दुसऱ्या कुठल्या नात्याने तिला हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं.

आमचं काम म्हणजे कचेऱ्यांच्या वह्या, शाळांची हजेरीपुस्तकं आणि वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं पुन्हा बांधायची. ताई शिवणीवर होती. घडी घातलेले कागद तिच्यापुढे यायचे, ती दाभणाने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायची. टाका इतका सारखा, की कागद कापायच्या यंत्रावरचा म्हातारा म्हणायचा, "ताईने शिवलेली वही फाटायच्या आधी वाचणारा फाटेल." ती हसायची नाही, पण पुढचे दोनचार टाके जरा झोकात पडायचे.

वर्षातून एकदा ती अर्ध्या दिवसाची रजा घ्यायची. कारण सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी खोप्यांचं आरक्षण उघडायचं.

शहरापासून बसने साडेतीन तासांवर एक मोठं तळं आहे. भोवतीचं जंगल सरकारी आहे, आणि लोकांनी सहकुटुंब येऊन राहावं म्हणून काठावर सरकारनेच बांधलेल्या बारा लाकडी खोल्या आहेत. पाटीवर 'कुटी' असं लिहिलंय, पण लोक खोपी म्हणतात. खोपी म्हणजे एक लांबट खोली, त्यात रेल्वेच्या डब्यासारखे एकावर एक आठ बर्थ, मध्ये लाकडी टेबल आणि कोपऱ्यात लोखंडी चूल, तिचं धुराडं छपरातून बाहेर काढलेलं. नळ नाही, वीज नाही. पाणी हातपंपावरून आणायचं. संडास शंभर पावलांवर. आरक्षण चार महिने आधी खिडकीवर मिळायचं. ताई सकाळी सातला जाऊन रांगेत उभी राहायची, आणि दुपारी परत आली की पावती कमरेच्या पिशवीत खोचलेली असायची. मग आम्हाला समजायचं, यंदाही चार नंबरची खोपी मिळाली.

हे कसं सुरू झालं ते तिने मला फार पूर्वी सांगितलं होतं. वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा ताई एकवीस वर्षांची. तिच्या पाठचा दादू तेरा, चिमी दहा, आणि सगळ्यांत धाकटा पाच वर्षांचा. त्याला घरात शेंडेफळ म्हणायचे, पुढे बेचाळीस वर्षांचा झाला तरी शेंडेफळच. बाराव्या दिवसानंतर मामा आणि दोन काका बसले आणि ठरवायला लागले की पोरीवर भार नको, एकेकाने एकेक मूल घेऊ. ताई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भांडी आहेत का ती, वाटून घ्यायला?" एवढंच. चहा ठेवला आणि आत गेली. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. खरं सांगायचं तर पुन्हा कुणी फारसं आलंही नाही.

शेंडेफळाने आई गेल्यापासून हसणं सोडलं होतं. झोपताना तो ताईची वेणी मुठीत धरायचा. मूठ सुटली की रडत उठायचा, त्यामुळे ताईला रात्रभर एका कुशीवर पडून राहावं लागायचं. ती तेव्हा नुकतीच बाइंडिंगखान्यात लागली होती. मालकांनी स्वतःसाठी खोपी घेतली होती, पण त्यांचं जाणं रद्द झालं, आणि त्यांनी ती पावती ताईच्या हातात ठेवली. म्हणाले, पोरांना घेऊन जा, हवाबदल होईल.

चौघं गेली. चूल पेटवली, पण धुराड्याची झडप उघडायची असते हे कुणाला माहीत होतं! खोली धुराने भरली. चौघंही खोकत, डोळे पुसत बाहेर पळाली, आणि दादूचं तोंड काजळीने काळं झालेलं बघून शेंडेफळ हसला. चार महिन्यांनी. त्या दिवशी त्याने वरच्या बर्थवर एकट्याने झोपायचा हट्ट धरला. ताई खालच्या बर्थवर जागीच होती, आता पडेल, मग रडेल म्हणत. तसाच तिचा डोळा लागला. पहाटे जाग आली ती वेणी मोकळी होती म्हणून.

तेव्हापासून तिने मनाशी धरलं की त्या जागेत काहीतरी आहे. पोरं तिथे बरी होतात. मग दरवर्षी जायचं.

एक आठवडा आधीपासून तिची तयारी चालायची. तांदूळ, डाळ, तिखट-मीठ वेगवेगळ्या डब्यांत, अंडी लाकडाच्या भुशात, माचिस दोन ठिकाणी. कामं वाटून दिलेली. दादूने लाकडं फोडायची, चिमीने पाणी आणायचं, शेंडेफळाने माचिस कोरडी ठेवायची. स्वयंपाक ताईचा. पोरं तळ्यावर असायची, झाडांवर असायची, आणि ती चुलीपाशी. तळ्याभोवती एक पायवाट आहे, तीन तासांची. पोरांनी ती दहादा पालथी घातली. ताई एकदाही गेली नव्हती. कुणी ना कुणी भुकेलेलं असायचंच.

ती अठ्ठावीस वर्षांची असताना बाइंडिंगखान्यातल्याच छपाईच्या यंत्रावर काम करणाऱ्या एकाने तिला मागणी घातली होती. माणूस शांत होता, निर्व्यसनी होता. ताई म्हणाली, धाकट्याची शाळा होऊ दे. तो दोन वर्षं थांबला. मग त्याने दुसरीकडे लग्न केलं, आणि लग्नाच्या पत्रिका आमच्याच कारखान्यात छापल्या गेल्या. त्यांच्या घड्या ताईने घातल्या. हे मला म्हाताऱ्याने सांगितलं. ताई त्याबद्दल कधी बोलली नाही.

पोरं मोठी झाली. दादू विजेची कंत्राटं घ्यायला लागला. चिमी नर्स झाली आणि दुसऱ्या शहरात गेली. शेंडेफळ शाळेत भूगोल शिकवायला लागला. लग्नं झाली. पहिली काही वर्षं खोपी अगदी भरून जायची. दादू, त्याची बायको, दोन मुलं, चिमी आणि तिची मुलगी (चिमीचा नवरा काही कधी आला नाही), शेंडेफळ आणि त्याची बायको, आणि ताई. नऊ माणसं, आठ बर्थ. चिमीची मुलगी आईच्या कुशीत झोपायची. ताई आम्हाला म्हणायची, "नऊ जणांचं करता करता नाकी नऊ येतात गं." पण हे सांगताना तिचा चेहरा असा, जणू लॉटरी लागलीय.

पुढे एकेक कुरबुर सुरू झाली. दादूच्या बायकोची पाठ धरायची, तिला बर्थ चालेना. मुलांच्या फोनला तिथे रेंज येत नसे. त्यासाठी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागायचं. शेंडेफळाच्या बायकोला शंभर पावलांवरचा संडास जिवावर यायचा. त्यात कुणाचीच चूक नव्हती. तीन दिवसांचे दोन झाले. मग एक वर्ष दादू आला तर चिमी नाही, पुढच्या वर्षी चिमी आली तर शेंडेफळ नाही. ताई परत आली की आम्ही विचारायचो, कोण कोण आलं होतं? ती जे आले त्यांची नावं सांगायची. जे आले नाहीत त्यांची कारणं न विचारता सांगायची.

ज्या वर्षी ती निवृत्त होणार होती, त्या वर्षी तिघांनी एका सुरात सांगितलं, यंदा सगळे. काही झालं तरी. ताई अठ्ठावन्न वर्षांची होती, पण त्या महिन्यात ती टेबलाशी बसून गुणगुणायची. मी तिच्याबरोबर बाजारात गेले होते. चाळीस अंडी, पाच किलो बटाटे, मुलांसाठी बिस्किटांचे पुडे. मी म्हटलं, ताई, दुकान टाकतेस की काय तिथे? ती म्हणाली, "पुरलं नाही तर? तिथे कुठे जाणार मी आणायला?"

बुधवारी दादूचा फोन आला. एका कारखान्याची तपासणी निघाली होती, त्याला हलता येत नव्हतं, आणि तो नाही म्हणून बायको-मुलंही नाहीत. गुरुवारी चिमीची ड्यूटी बदलली. शेंडेफळ म्हणाला, आम्ही दोघं शनिवारी सकाळच्या बसने येतो, तू हो पुढे.

पुढचं सगळं तिने मला नंतर सांगितलं, तीन दिवस, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता.

शुक्रवारी ती एकटीच गेली. दोन पोती, एक पिशवी. फाटकावरचा चौकीदार तिला वीस वर्षं ओळखत होता. त्याने विचारलं, मंडळी मागून येतायत का? ताई म्हणाली, येतायत. त्याने वहीत 'नऊ' लिहिलं. त्याने एक पोतं उचलून खोपीपर्यंत आणून दिलं आणि म्हणाला, यंदा पाणी भरपूर आहे तळ्याला, पोरांना मजा येईल. दादूचा मोठा मुलगा तेव्हा कॉलेजात होता.

तिने गाद्या उन्हात टाकल्या. आठही बर्थ झाडून त्यांवर चादरी घातल्या. पाणी स्वतः आणलं, सहा खेपा. संध्याकाळी भाजीला बसली आणि बटाटे चिरत गेली. पातेलं अर्धं भरल्यावर तिच्या ध्यानात आलं की आज खाणारी ती एकटीच आहे. मला म्हणाली, "वाईट नाही गं वाटलं तेव्हा. हसूच आलं. म्हटलं, उद्या दोघं येतायत, त्यांना होईल." तेच बटाटे तिने शनिवारी सकाळी परत गरम केले.

सकाळची बस अकराला येते. ती साडेदहापासून फाटकावर उभी होती. बसमधून तीन कुटुंबं उतरली, छत्र्या, टोपल्या, एक कुत्रा. बस रिकामी झाली. चालक खाली उतरून चाकाकडे बघत उभा राहिला. तरी ती आत डोकावून आली, मागच्या बाकापर्यंत.

मग ती टेकडीवर चढली. टाकीपाशी पोहोचताच फोन वाजायला लागला, म्हणजे शेंडेफळ बराच वेळ लावत होता. बायकोला ताप आला होता, असं तो म्हणाला. ताईने विचारलं, किती आहे ताप? तो मग म्हणाला, "ताई, ताप नाही. खोटं बोललो."

"मग?"

"खरं सांगू? रागवू नकोस. आम्ही तुझ्यासाठी येत होतो. तुला वाईट वाटू नये म्हणून. दरवर्षी आम्ही तिघं आधी फोनवर ठरवायचो, यंदा कुणी जायचं. पाळी लावल्यासारखं. या वर्षी म्हटलं सगळेच जाऊ, तू निवृत्त होतेयस. पण मग दादूचं निघालं, चिमीचं निघालं, आणि माझीही..." तो थांबला. "माझी पाळी मागच्या वर्षी झाली होती."

ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती डब्यातली पोळी मोडत होती, बारीक बारीक तुकडे. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, "काय म्हणणार? म्हटलं बरं. म्हटलं, सकाळी थंडी पडतेय, मफलर घालून फिर. आणि ठेवला."

टेकडी उतरून ती खोपीत आली नाही. तिला त्या आठ चादरी बघायच्या नव्हत्या. तळ्याच्या वाटेवरचा फलक तिने सदतीस वर्षं पाहिला होता: 'तळ्याला फेरी, तीन तास.' ती निघाली. कुणाला सांगायचं नव्हतं, कुणाची जेवायची वेळ व्हायची नव्हती.

पहिला तास बरा गेला, म्हणाली. वाट सपाट होती. एका खोपीपुढे एक बाप मुलाला गळ टाकायला शिकवत होता. एका ठिकाणी दोन जावा भांडी घासता घासता कुणाच्या तरी उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या. मग खोप्या संपल्या, जंगल सुरू झालं, आणि नुसता तिच्या पावलांचा आवाज. पलीकडच्या काठावर पोहोचली तेव्हा तिने पहिल्यांदा समोरून त्या बारा खोप्या पाहिल्या. काड्यापेट्या मांडल्यासारख्या. बहुतेकांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. चारच्या नव्हता.

ते बघत चालताना एका ओल्या मुळावरून तिचा पाय गेला आणि घोटा मुरगळला. ती खाली बसली. उठून पाहिलं, पण पाय टेकवेना. मोबाइल तिथे लागतच नव्हता. एकदोनदा तिने हाक मारली. कुणाला मारायची ते कळेना, म्हणून नुसतं 'ओ' केलं. तळ्यावरून ते 'ओ' परत आलं. मग तिने हाक मारणं सोडलं, म्हणाली, आपलाच आवाज आपल्याला तसा ऐकवत नाही.

दोन तास ती तिथे बसून होती. मी विचारलं, काय विचार करत होतीस? तिने पोळीचे तुकडे डब्यात एका कडेला सारले. मग म्हणाली, "हिशेब लावत होते. कुठल्या वर्षी कोण आलं होतं. म्हणजे कुणाची पाळी होती."

ऊन कलल्यावर वनखात्याचा एक पहारेकरी होडीतून आला. मासेमारीचे परवाने तपासायला तो रोज काठाकाठाने फिरतो. पंचविशीचा असेल. त्याने होडी लावली, पाय पाहिला, आपल्या रुमालाने घट्ट बांधला, आणि म्हणाला, "आजी, बरोबर कोण आहे?"

ताई म्हणाली, "नऊ जण आहोत."

हे तिच्या तोंडून कसं गेलं ते तिलाही सांगता येईना. आणि मला सांगताना ती थांबून म्हणाली, "आजी म्हटलं गं त्याने मला! मी मागे वळून बघितलं, कोण आजी म्हणून." ती हसली, मीही हसले. पण तो पोरगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, मग घरची माणसं शोधत असतील. होडी इकडच्या काठाला लागली तसा तो मोठ्याने ओरडायला लागला, चार नंबरवाले, चार नंबरवाले. शेजारच्या खोप्यांतली माणसं बाहेर आली. ताई म्हणाली, ओरडू नको, ती पोहायला गेली असतील. तो म्हणाला, मग थांबतो, तुम्हाला त्यांच्या हवाली करूनच जातो. आणि धक्क्यावर तिच्याशेजारी खरंच बसून राहिला.

दहा मिनिटं गेली. पोहून आलेली दोन कुटुंबं समोरून गेली. प्रत्येक वेळी तो तिच्याकडे बघायचा, ही का? ती मान हलवायची. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तू जा. माझं कुणी यायचं नाहीये. मी एकटीच आलेय."

आयुष्यात हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं असावं. मला सांगतानाही ते तिने हळू म्हटलं, टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये तसं.

तो उठला. तिला खांद्याचा आधार देत खोपीपर्यंत घेऊन आला. दार उघडल्यावर त्याने आठ बर्थ पाहिले, घातलेल्या चादरी पाहिल्या, कोपऱ्यातली पोती पाहिली. हातपंपावर जाऊन दोन बादल्या पाणी आणून चुलीपाशी ठेवलं. म्हणाला, "पाणी ठेवलंय, आजी. उद्या दुपारच्या बसला मी सोडायला येतो." आणि आला. त्याच्याबरोबर चौकीदारही आला होता. अंडी, बटाटे, बिस्किटं ताईने त्या दोघांना दिली. ते नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "न्या रे. परत नेताना फुटतील." चौकीदाराने वहीतला 'नऊ' खोडला का, ते तिने पाहिलं नाही, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी हे सगळं सांगून झालं तेव्हा सुट्टी संपत आली होती. डबा बंद करत ती म्हणाली, "मी फाटकावर विचारून आले. एकट्यादुकट्यालाही देतात म्हणे खोपी. मधल्या वारी गर्दी नसते." आणि माझ्याकडे पाहिलं.

मला कळलं होतं तिला काय हवंय ते. सतरा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेली माणसं, न कळायला काय झालं? पण माझ्या घरी सासूबाईंचं दुखणं होतं, मुलीची परीक्षा होती, आणि खरं म्हणजे मला त्या शंभर पावलांची भीती वाटली, त्या चुलीची, आणि तिच्याबरोबर दोन दिवस एका खोलीत बसून काय बोलायचं याची. मी म्हटलं, "हो का?" आणि दोरा ओवायला घेतला. तीही टाके घालायला लागली.

दोन आठवड्यांनी शेंडेफळ तिच्या घरी आला. त्या दिवशी मी तिथेच होते. निवृत्तीचे कागद भरायला मदत करत होते. ताई चहा करायला उठली आणि त्याला तिचं लंगडणं दिसलं. तो खाली बसला आणि त्याने तिच्या घोट्यावर हात ठेवला. सूज अजून होती.

"हे कधी झालं? कळवलं का नाहीस?"

"टाकीपर्यंत चढता येत नव्हतं," ताई म्हणाली.

चाळिशी उलटलेला माणूस, पण त्याला रडू आवरेना. तो म्हणाला, पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ, मी स्वतः दोघांना ओढून आणतो. ताई म्हणाली, नको. पाळीने यायचात ते मला ठाऊक नव्हतं तोवर चालून गेलं. यायचं तर इथे ये. बसने वीस मिनिटं लागतात.

मग ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुला तो वरचा बर्थ आठवतो का? पहिल्या वर्षीचा?"

त्याने आठवून पाहिलं. मन राखायला 'हो' म्हणाला असता तर मला आवडलं असतं, पण आता त्याने खोटं बोलायचं सोडलं होतं. म्हणाला, "नाही ताई. तू इतक्यांदा सांगितलंस म्हणून माहीत आहे, पण आठवत नाही. धूरही आठवत नाही. मला तुझी वेणी आठवते. झोपताना हातात असायची ती."

ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा उतू जाईल म्हणून आत गेली. चहा बराच वेळ आला नाही. आम्ही दोघं कागदांकडे बघत बसलो.

निवृत्तीच्या दिवशी मालकांच्या मुलाने भाषण केलं, कापायच्या यंत्रावरच्या म्हाताऱ्याने फुलं दिली. दादू आणि चिमी, दोघंही आले होते. तिघं भावंडं तिच्या आजूबाजूला उभी राहिली आणि फोटो काढला. ताईने फोटोत दादूच्या शर्टाची कॉलर नीट केली, तसाच हात कॉलरवर असलेला फोटो आला आहे. तिच्या जागी आता शिवायचं यंत्र आहे. काम भराभर होतं.

शेंडेफळ रविवारी जायला लागला. आधी दर रविवारी, मग एकाआड एक, आता महिन्यातून एकदा. दादू फोन करतो. चिमी औषधं पाठवते, कशावर कुठली ते कागदावर लिहून. मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी जाते. तिची दोन खोल्यांची जागा आहे तिसऱ्या मजल्यावर, लख्ख ठेवलेली. शेजाऱ्यांच्या मुलांच्या फाटक्या वह्या ती शिवून देते. दोन वर्षं झाली, घोटा थंडीत अजून दुखतो.

गेल्या खेपेला मी धीर करून म्हटलं. सासूबाई आता नाहीत, मुलगी नोकरीला लागली. म्हटलं, "ताई, जाऊ या का आपण दोघी? खोपीला? मधल्या वारी?"

तिने हातातला दोरा दाताने तोडला. म्हणाली, "तेव्हा म्हणाली असतीस तर गेले असते गं." त्यात राग नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं, तसं म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असणार, कारण लगेच म्हणाली, "आता हा पाय शंभर पावलं चालायचा नाही, संडास गाठेपर्यंत पहाट व्हायची," आणि दोघी हसलो. तिने अजून अर्धा कप चहा ओतला. मी नको म्हणत होते, तरी घेतला.

निघताना ती दारापर्यंत आली. पुढच्या महिन्यात ये म्हणाली, येते म्हटलं. मी जिना उतरायला लागले. दार लावल्याचा आवाज लगेच आला नाही. मी खाली पोहोचले, रस्त्याचं फाटक उघडलं, तेव्हा वर कडी लागली.